समुद्र, सळई आणि सोळा वर्षं

कोल्हापुरात समुद्र नाही, पण कोल्हापूरकराला गोवा काही लांब नाही. आंबोलीचा घाट उतरायचा, म्हापसा मागे टाकायचं, की पणजीच्या तोंडाशी मांडवी आडवी येते. १९७० च्या सुमारास तिच्यावर पूल झाला आणि ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. जेमतेम सोळा वर्षं! मग नवा पूल होईपर्यंत पुन्हा फेरीबोट.

हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "महाराजांचा सिंधुदुर्ग बघा, साडेतीनशे वर्षं लाटा खातोय." हा किल्ला १८१२ पर्यंत कोल्हापूर संस्थानाकडे होता, त्यामुळे अभिमान मलाही आहेच. पण ही तुलना मला पटत नाही. १६६४ साली काम सुरू झालेल्या त्या तटात दगड आहे, चुना आहे, पायात शिसं आहे. गंजायला सळईच नाही!

मांडवीच्या पुलाचा भार ताणलेल्या पोलादी तारांवर होता, आणि गंजल्या त्या ताराच. एरवी काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे पोलादावर एक पातळ संरक्षक थर बसतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड बारीक छिद्रांतून झिरपत आत जातं आणि तो थर मोडतं. साध्या सळईचा गंज फुगून निदान काँक्रीट तडकवतो, म्हणजे बाहेरून कळतं तरी. ताणलेली तार मात्र फारशी खूण न दाखवताही तुटू शकते.

म्हणजे ताकद वेगळी आणि टिकाऊपणा वेगळा. पूर्वी हिशेब मुख्यतः ताकदीचा होई. २००० सालच्या आयएस ४५६ या मानकात टिकाऊपणाला सविस्तर आकडे मिळाले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मीठ, पाणी आणि हवा तिन्ही एकत्र येतात, म्हणून तिथल्या आरसीसीसाठी नियम सर्वांत कडक: किमान एम-४० काँक्रीट, घनमीटरला ३६० किलो सिमेंट, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४० पटीपेक्षा जास्त नाही आणि सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर. स्लॅग सिमेंट वापरलं तर क्लोराइडची वाट आणखी अवघड होते.

पण आकडे कागदावर असून भागत नाही. काम सोपं जावं म्हणून बादलीभर पाणी जास्त ओतलं, कव्हर ब्लॉक सरकला किंवा क्युरिंगचा कंटाळा केला, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. समुद्र पंधरा-वीस वर्षांनी हिशेब मागतो, आणि तेव्हा पुलावरून भलतीच माणसं जात असतात.

असो. तुमच्यापैकी कुणी ८६ नंतर फेरीबोटीतून मांडवी ओलांडली असेल, तर जरूर कळवा.