बूच, बियर आणि सोमल

वाइनच्या बाटलीचं बूच कोणी खात नाही. तरीही त्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक किती आहे हे प्रयोगशाळेत मोजतात, असं सुट्टीवर घरी आलो असताना सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "कशाला?"

बूच म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. साधारण नऊ वर्षांतून एकदा ती सोलतात. झाडाने जमिनीतून जे घेतलं, त्यातलं थोडं सालीतही येतं. म्हणून बुचं पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात भिजत ठेवायची आणि त्यात काय उतरलं ते बघायचं. आकडे इतके बारीक की हसू यावं. पण "कशाला?" याचं उत्तर मला मी राहतो त्या लीड्सच्या इतिहासातच मिळालं.

१९०० साली मँचेस्टर आणि सॅलफर्डमध्ये माणसं विचित्र आजारी पडू लागली. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग, पाय लुळे, कातडी काळवंडलेली. बहुतेक सगळे बियर पिणारे कष्टकरी, त्यात बायकाही होत्या. डॉक्टरांनी निदान केलं: दारूचा परिणाम. झालं! दारुड्याचं दुखणं म्हटलं की पुढे कोण चौकशी करतो? आपल्याकडेही हेच होतं.

डॉ. अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांना मात्र एक गोष्ट खटकली. कडक दारू ढोसणारे ठणठणीत होते, आजारी पडत होते ते बियरवाले. मग दोष दारूचा कसा? नोव्हेंबरमध्ये त्यांनी बियर तपासली आणि तीत आर्सेनिक सापडलं. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, तेच.

आता माग काढा. स्वस्त बियरमध्ये माल्टच्या जोडीला साखर घालत. ती साखर लिव्हरपूलच्या बोस्टॉक कंपनीची. ती करायला लागे गंधकाम्ल, आणि ते जाई आमच्या लीड्सहून, निकल्सन कंपनीकडून. गंधकाम्ल पायराइट्स या खनिजापासून करत आणि त्यात आर्सेनिक असतंच. पूर्वी निकल्सनकडून आर्सेनिक काढलेलं आम्ल जायचं. १९०० च्या मार्चपासून न काढलेलं जाऊ लागलं. हे अन्नात जाणार, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. घेणाऱ्याने सांगितलं नाही, आणि आलेला माल तपासलाही नाही.

सहा हजारांवर माणसं आजारी पडली, निदान सत्तर गेली.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) आर्सेनिक ओळखायची जेम्स मार्श यांची परीक्षा १८३६ पासून उपलब्ध होती. ती वापरली जायची विषप्रयोगाच्या खटल्यांत. साखरेच्या पिंपावर ती करून बघावी, असं कोणाला वाटलंच नाही.

१९०१ मध्ये सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष कोण, तर लॉर्ड केल्विन. हो, तापमानाच्या एककाला ज्यांचं नाव आहे तेच. आयोगाला माल्टमध्येही आर्सेनिक आढळलं. कोक जाळून त्याच्या धुरावर माल्ट वाळवत, त्यातून ते येई. १९०३ च्या अंतिम अहवालात आयोगाने मर्यादा सुचवली: एका गॅलन पेयात एका ग्रेनचा शंभरावा भाग. आजच्या भाषेत लिटरला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची आजची मर्यादा आहे ०.२. म्हणजे त्या काळच्या उपकरणांवर त्यांनी किती बारीक रेघ मारली होती बघा.

बोस्टॉकने निकल्सनवर दावा लावला. १९०४ मध्ये निकाल लागला: आम्लाची किंमत आणि वाया गेलेल्या मालाचे पैसे मिळाले, पण बियरवाल्यांना द्यावी लागणारी नुकसानभरपाई निकल्सनच्या माथी मारता आली नाही. आम्ल कशासाठी हवंय हे तुम्ही सांगितलं होतंत का?

मला वाटतं, सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. कोणी मुद्दाम विष घातलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या दारापुरतं पाहिलं आणि विष तीन दारं ओलांडून गरिबाच्या पेल्यात पोचलं. आज बूच तपासतात ते त्याच्यात विष सापडतं म्हणून नव्हे, तर ते शेवटी कोणाच्या तोंडाशी जाणार आहे याची आधीच आठवण ठेवायची म्हणून.

असो. पुढच्या वेळी कोणी "कशाला?" विचारलं, की मी सॅलफर्डचं नाव सांगणार आहे.