नेच्याची बदली

माणसाची बदली आणि झाडाची बदली यांत फरक एवढाच, की ऑर्डर हातात पडली की माणूस युनियनकडे धावतो आणि झाड जागच्या जागी पिवळं पडतं. त्यातही नेचा ही जात म्हणजे बदली करणाऱ्याची परीक्षाच. मनीप्लँट डेप्युटेशनवर आनंदाने जातो, तुळस म्हणाल त्या शाखेत रुजू होते. नेचा मात्र कुंडी बदलली की पहिले पंधरा दिवस सिक लीव्हवर. नेचा म्हणजे तोच, ज्याला नर्सरीवाले फर्न म्हणून दुप्पट भावात विकतात. फूल नाही, फळ नाही, बी नाही. नुसत्या पानांवर जन्म काढतो.

पण सेवाज्येष्ठता बघाल तर थक्क व्हाल. पृथ्वीवर नेच्यांची हजेरी ३५ कोटींहून अधिक वर्षांपासून लागते आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा झाला, तो दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्री कामावर रुजू झाला, तेव्हा त्याची सर्व्हिस शीट भरून घ्यायला समोर नेचेच बसलेले असणार.

बी दिसत नाही म्हटल्यावर जुन्या काळच्या युरोपियन लोकांनी मोठा नामी तर्क लढवला. नेच्याचं बी अदृश्य असतं आणि ज्याच्या खिशात ते असेल तोही अदृश्य होतो! शेक्सपिअरच्या नाटकातसुद्धा या समजुतीचा उल्लेख आहे. (३१ मार्चच्या संध्याकाळी असं चिमूटभर बी कुठल्याही शाखेत सोन्याच्या भावाने खपेल.) पुढे १७९४ मध्ये जॉन लिंडसे नावाच्या जमैकातल्या एका सर्जनाचा लेख प्रसिद्ध झाला, की पानाच्या पाठीवरची भुकटी पेरली तर नेचे उगवतात. या गोष्टीला आता सव्वादोनशे वर्षं उलटली, तरी ही बातमी आमच्या डोंबिवलीत सर्वत्र पोचलेली नाही. आमच्या शेजारच्या काकू अजूनही त्या तपकिरी ठिपक्यांना कीड समजून तंबाखूचं पाणी मारतात.

आता बदलीच्या मुद्द्याकडे येतो. झाडं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची म्हणजे पूर्वी फार मोठं संकट. जहाजाच्या डेकवर खारा वारा, ऊन आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई. खलाशांना प्यायला मिळेना तिथे कुंडीला कोण घालतो? चीनमधून इंग्लंडला पाठवलेल्या हजार झाडांतलं एखादंच जिवंत पोचतं, असा हिशेब जॉन लिव्हिंगस्टन या डॉक्टरांनी १८१९ मध्ये केला होता. हजारी एक! आमच्या थकीत कर्जांची वसुलीसुद्धा याहून बरी आहे.

यावर उपाय शोधून दिला तो एका नेच्यानेच. लंडनच्या गोदीजवळ नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत असत. त्यांना नेच्यांचं वेड, आणि कारखान्यांच्या धुराने त्यांचे नेचे एकामागून एक मरत. (डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.) १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून ती बाटली झाकून टाकली. पतंगाचं काय व्हायचं ते झालं असेल, पण मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. दिवसा मातीतली वाफ काचेला धरायची आणि संध्याकाळी थेंब होऊन पुन्हा मातीत पडायची. पाणी घालायला नको, धुराची भीती नको. बाहेर मरणारा नेचा आत जवळजवळ चार वर्षं जगला.

मग वॉर्डसाहेबांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये नेचे, गवतं वगैरे भरून दोन पेट्या थेट सिडनीला रवाना केल्या. माल सुखरूप पोचला. परत येताना त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातले नेचे लंडनला आले, तेही जिवंत. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत चीनमधून वीस हजारांच्या आसपास चहाची रोपं हिंदुस्थानात हिमालयाकडे धाडली, ती या पेट्यांच्या जोरावर. आसामचा चहा मूळचा इथलाच. तरी चहाच्या व्यापारात चीनचा पाय निसटला त्याला एका नेच्याचाही हातभार आहे. कपबशी हातात घेताना एवढी कृतज्ञता असू द्यावी.

इंग्लंडात मात्र या काचेच्या पेट्यांनी निराळाच घोटाळा केला. घरोघरी दिवाणखान्यात नेचे आले. बायका, पोरं, पाद्री सगळे नेचे खणायला रानोमाळ हिंडू लागले. चार्ल्स किंग्जलेने १८५५ मध्ये या वेडाला 'टेरिडोमेनिया' असं नावही देऊन टाकलं. आगगाडी नुकतीच झालेली. सकाळी जावं, टोपलीभर नेचे उपटावेत, संध्याकाळी परत. आयर्लंडमधला किलार्नीचा नेचा तर या प्रेमापायी नामशेष व्हायच्या बेताला आला. नुसतं प्रेम असून भागत नाही, किती उपटायचं यालाही लिमिट लागतं. ओव्हरड्राफ्टला असतं तसं.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १६ एप्रिल १८५३ ला गाडी मुंबईहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. त्याआधी १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना हवा खायला जागा मिळाली. पावसाळ्यात माथेरानला गेलात तर झाडाच्या फांदीला बाशिंग बांधल्यासारखा एक नेचा दिसेल. त्याचं नावच बाशिंग. त्याला दोन तऱ्हेची पानं. हिरवी काम करतात आणि बुडाशी तपकिरी, कागदासारखी पानं पालापाचोळा साठवून त्याचं खत करतात. थोडक्यात, करंट खातं वेगळं, फिक्स्ड डिपॉझिट वेगळं. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांनी १९२२ मध्ये 'फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक काढून इकडच्या नेच्यांची रीतसर नोंद केली. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेव्हा तिथून पिशवीत घालून काही आणायचं मनात येऊ देऊ नका.

आणायची गरजही नाही. आमच्या पन्नास वर्षांच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला, मोरीच्या पाइपाशेजारी, दर जूनमध्ये हंसराज उगवतो. काळी तारेसारखी दांडी आणि अर्धचंद्रासारखी पानं. या पठ्ठ्याच्या पानाचं टोक भिंतीला टेकलं की तिथे नवं रोप धरतं. स्वतःची बदली स्वतःच करणारा मी पाहिलेला हा एकमेव कर्मचारी. सोसायटीचे सेक्रेटरी त्याला लीकेज म्हणतात. माझी आई त्याला हंसराज म्हणते. ती नवी नवरी म्हणून या खोल्यांत आली, त्या पावसाळ्यापासून तो तिथे आहे.

आता इमारत पाडायची ठरली आहे. कागदपत्रांवर सह्या झाल्या, भाड्याची जागा ठाण्यात मिळाली, सातव्या मजल्यावर. आईने सामानाबद्दल एक शब्द काढला नाही. कपाट विकलं, पाटा-वरवंटा दिला, हूं की चूं नाही. परवा फक्त विचारलं, "त्या भिंतीवरच्याचं काय करणार आहेस?"

एप्रिल चालू आहे. भिंतीवर आत्ता काहीही नाही. हंसराज उन्हाळ्यात पानं टाकतो आणि विटांच्या फटीत नुसता कंद दडून बसतो. ठेकेदार येऊन बघून गेला. म्हणाला, "साहेब, इथे तर काहीच नाही."

मी त्याला खडूने खूण करून दिली आहे. नेचा उपटून न्यायचा नसतो, जमिनीसकट न्यायचा असतो. म्हणून चार विटा अख्ख्या काढायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. कुंडीत तळाला खापऱ्या, वर पालापाचोळ्याचं खत आणि नारळाचा काथ्या. कंद पुरायचा नाही, तो वरच राहू द्यायचा. पुरला की कुजतो. पानं फुटेपर्यंत पाणी जपून. मग वरून प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे आमच्या ऐपतीची वॉर्डची पेटी, आणि ऊन लागणार नाही अशी खिडकी. सातव्या मजल्यावर वारा फार आहे, त्याची थोडी काळजी वाटते.

कुंडी आईने स्वतः निवडली. लोणच्याची जुनी बरणी होती, तिला खालून भोक पाडून घेतलं. ठेकेदार विटांचे पैसे वेगळे मागतो आहे.