युद्ध संपले, कैद संपेना

1918 च्या नोव्हेंबरच्या 11 तारखेस तोफा थंडावल्या आणि लंडनचे रस्ते आनंदाने दुमदुमून गेले. त्या रात्रीही इंग्लंडातील निरनिराळ्या तुरुंगांत शेकडो तरुण नित्याप्रमाणे आपापल्या कोठडीत बंद झाले. त्यांनी चोरी केली नव्हती, की दंगा केला नव्हता. आपण मनुष्यवध करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. युद्धच संपल्यावर या अपराधाचे काय उरले, या प्रश्नाचे उत्तर देण्यास इंग्रज सरकारला जवळजवळ पाच महिने लागले.

मौज अशी की, ज्या कायद्याने ते आत गेले त्याच कायद्यात त्यांच्या बचावाची तरतूद होती. 1916 च्या जानेवारीत सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला, तेव्हा ज्याची सदसद्विवेकबुद्धी युद्धास मान्यता देत नाही त्यास सूट मिळावी, असे कलम त्यात मुद्दाम घातले होते. इंग्रजांस ही गोष्ट भूषणावह खरीच. परंतु सदसद्विवेकबुद्धी मोजावी कोणत्या मापाने? ते काम गावोगावच्या मंडळांकडे आले, आणि शेजारी लष्कराचा प्रतिनिधी बसला. बहिणीवर जर्मन शिपाई चालून आला तर काय कराल, हा तेथील ठराविक प्रश्न. सूट नाकारली की मनुष्य कायद्याने शिपाई ठरे. मग गणवेश चढविण्याचा हुकूम, नकार, लष्करी न्यायालय, सक्तमजुरी. सुटका होताच पुन्हा पलटणीत रवानगी आणि पुन्हा तोच हुकूम! एकाच नकाराबद्दल कित्येकांनी तीन-तीन, चार-चार शिक्षा भोगल्या. 1916 मध्ये फ्रान्सात नेलेल्या 35 जणांस तर मृत्युदंड सुनावून मग तो दहा वर्षांच्या कैदेवर आणण्यात आला.

सुमारे 16,000 विरोधकांपैकी बहुतेकांनी शुश्रूषा, शेती असे काही काम पत्करले. युद्धास हातभार लागेल असे कोणतेही काम न पत्करणारे तेराशेंच्या आसपास होते, आणि खरा पेच त्यांचाच होता. खंदकातला शिपाई अद्याप घरी परतला नसता यांना सोडावे कसे, असे सरकार म्हणे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. जिचा मुलगा फ्रान्सच्या चिखलात पडला त्या मातेस तो पटावा. पण त्याचा अर्थ असा की, ही कैद आता अपराधाची शिक्षा राहिली नव्हती. ती केवळ रांगेतली जागा झाली होती. मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध पंचवीस वर्षे वर्गात शिकविलेल्या माझ्यासारख्यास हे त्याच्याच देशात घडावे याचे वाईट वाटते.

अखेर 1919 च्या एप्रिलात, दीर्घकाळ कैद भोगलेल्यांपासून सुटकेस आरंभ झाला. शेवटचे लोक ऑगस्टपर्यंत बाहेर पडले. तोवर सत्तरांच्या वर माणसे या छळापायी दगावली होती. शिवाय, 1918 च्या ज्या कायद्याने इंग्लंडातील लक्षावधी स्त्रियांस प्रथमच मत दिले, त्यानेच या मंडळींचा मताधिकार पाच वर्षांपुरता काढून घेतला.

एप्रिलात सुटलेल्यांत फेनर ब्रॉकवे होते. त्यांचा जन्म 1888 मध्ये कलकत्त्यास झालेला. लिव्हरपूलच्या तुरुंगात बोलण्यास मनाई असता शौचकूपाच्या कागदावर गुप्त वृत्तपत्र काढणारे हेच गृहस्थ. पुढे स्टीफन हॉबहाउस या दुसऱ्या बंदिवानासह त्यांनी इंग्लंडच्या तुरुंगांची तपशीलवार चौकशी करून 1922 साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. 1929 साली ते पार्लमेंटात निवडून आले, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानच्या प्रश्नावर चर्चेचा हट्ट धरल्यामुळे त्यांस सभागृहातून निलंबित करण्यात आले.