बाळंभटदादांचा खांब

प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान ग्रंथातच सापडते असे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचे तत्त्वज्ञान एका लाकडी खांबात आहे. निजामाकडच्या अली आणि गुलाब या मल्लांनी आव्हान दिले, तेव्हा दादांना दृष्टान्त झाला व मल्लखांब सुचला, अशी पारंपरिक कथा. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभ आहेच, म्हणून दादांकडे जाते ते पुनरुज्जीवनाचे श्रेय.

मला दृष्टान्तापेक्षा त्यामागचा विचार मोलाचा वाटतो. खांब थकत नाही, कुणाची भीड धरत नाही. पकड सैल झाली की शिष्य खाली. गुरूला रागवावेही लागत नाही!

१९२४ मध्ये शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. सदाशिव पेठेतून टिळक रस्त्यावरच्या मंडळात जाणारी शाळकरी मुले त्याच खांबाला भिडतात, आणि त्यांत मुलीही असतात.