अध्ययन अक्षमता आणि शिक्षक प्रशिक्षण

वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सातत्याने अडचण येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात योग्य साहाय्य करता यावे, यासाठी शिक्षकांना अध्ययन अक्षमतेविषयी प्रशिक्षण दिले जाते. अशा विद्यार्थ्यांची बुद्धिमत्ता सहसा सर्वसाधारण असते; त्यामुळे त्यांची अडचण आळस किंवा निष्काळजीपणा समजली जाण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. असा निर्णय घेणारे ते देशातील पहिले राज्य शासन होते. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या केंद्रीय कायद्यात मात्र या अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची, तर कलम १७ मध्ये समावेशक शिक्षणासाठी शिक्षक प्रशिक्षणाची तरतूद आहे.

स्वरूप

विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांना भारतीय पुनर्वास परिषद मान्यता देते. नियमित वर्गशिक्षकाने निदान करणे अपेक्षित नसते. लक्षणांची नोंद ठेवणे, पालकांशी बोलणे आणि मुलाला तज्ज्ञांकडे पाठवणे ही त्याची जबाबदारी होय. मराठी माध्यमात ‘भ-म’, ‘घ-ध’ यांसारख्या अक्षरांतील गोंधळ, जोडाक्षरे वाचताना अडखळणे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या वारंवार होणाऱ्या चुका यांकडे लक्ष द्यावे लागते. अक्षर वाळूत गिरवणे, शब्दातील ध्वनी सुटे करून म्हणणे, तोंडी उत्तरे स्वीकारणे असे उपाय वर्गात वापरता येतात.

परीक्षेतील सवलतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते आणि तपासणीची सुरुवात बहुधा शिक्षकाच्या निरीक्षणातून होते. शिक्षकाला लक्षणे ओळखता आली नाहीत, तर विद्यार्थी कायद्याने मिळालेल्या हक्कापासून वंचित राहू शकतो.