लेंकरांची वाणी : एक ऐतिहासिक टिपण

मंदिराच्या उत्सवी स्मरणिकेंत पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणत्या सालीं कौलें उतरवून नवें छप्पर चढविलें, या गोष्टी लिहिल्या जातात आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. परंतु बाप्तिस्म्याची वही उघडून पाहावी. तींत मुलाचें नांव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, तारीख एवढें सारें सांपडतें; तेंच मूल पुढें कधीं बोलूं लागलें आणि कोणत्या भाषेंत, हें मात्र कोणत्याच वहींत नसतें. सुज्ञ वाचकांपुढें आज या न लिहिलेल्या नोंदीचाच थोडा इतिहास ठेवण्याचें योजिलें आहे.

पुण्यांतील ख्रिस्ती वस्तीची भाषा कधींच एक नव्हती. सवाई माधवराव पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर १७९२ सालीं शहरांतील पहिलें कॅथॉलिक मंदिर उभें राहिलें, तें पेशव्यांच्या फौजेंतील गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांसाठीं. त्यांच्या घरीं कोंकणी, धर्मगुरूंच्या तोंडीं पोर्तुगीज, वेदीवर लॅटिन आणि बाजारांत मराठी. पुढें १८१८ नंतर इंग्रजांची छावणी आली, तिच्यामागून इंग्रजी व तामिळ आली. अहमदनगराकडील खेड्यांतून आलेल्या कुटुंबांनीं आपली मराठी बरोबर आणली. अशा पेठेंत पाळण्यांतलें मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन-चार भाषा ऐके. त्यामुळें तीं मुलें मुकीं राहिलीं नाहींत, हें त्यांच्या आजच्या नातवंडा-पणतवंडांचा गलका ऐकून कोणासही कळेल.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यांत आले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांची दुसरी लहान पोथी, म्हणजे कोंकणींतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांचीं प्रश्नोत्तरें, त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राशोल येथें निघाली, तिची आठवण थोड्यांस असते. एक प्रश्न, मग उत्तर. पुन्हां प्रश्न, पुन्हां उत्तर. मुलांना बोलतें करण्याची ही फार जुनी रीत होय. केवळ पाठांतर करून घेतलें तर तिची पोपटपंची होते, हें खरें. पण एकानें बोलावें, दुसऱ्यानें थांबून ऐकावें आणि मग उत्तर द्यावें, हा संभाषणाचा पहिला धडा तींत आहेच. याच गोमंतकांत २७ जून १६८४ रोजीं विजरईनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत रयतेनें आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षें गेलीं, तीनशें वर्षें गेलीं. आया आपल्या लेंकरांशीं कोंकणींतच बोलत राहिल्या. हुकुमाची मुदत पाळणें पाळण्याशेजारीं बसलेल्या बाईस जमत नाहीं.

आतां ज्या लेंकरांच्या कानीं कोणतीच भाषा पडत नाहीं, त्यांकडे वळूं. मुलास बोलावयास उशीर लागला कीं त्याची जीभ जड आहे, असें आपल्याकडे म्हणत आले. वेखंड उगाळून जिभेस लावावें, मध चाटवावा, हे उपाय घरोघर चालत. (मध तर वर्षाच्या आंतील बालकास घातकही ठरूं शकतो, हें आतां वैद्यकास ठाऊक झालें आहे.) दोष पुष्कळदां जिभेंत नसून कानांत असे. ज्यास ऐकूंच येत नाहीं, तें मूल बोलणार कसें? आपण त्यास ‘मुका’ हा शब्द चिकटविला आणि त्या एका शब्दाखालीं कितीतरी शहाण्या मुलांचीं आयुष्यें दडपलीं गेलीं.

ख्रिस्तसभेस हा प्रश्न पूर्वींपासून टोंचत होता. कारण अशा मुलास धर्मशिक्षण द्यावें कसें आणि त्याचा पापस्वीकार ऐकावा कसा? सोळाव्या शतकांत स्पेन देशीं पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्ट-संघीय संन्याशानें सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांस लिहावयास व बोलावयास शिकविलें. पॅरिस येथें १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूंनीं दोन बहिऱ्या बहिणींस धर्माचे धडे देतां देतां हातांच्या खुणांची पद्धतशीर शाळाच उभी केली. पोन्से यांचे शिष्य सरदारांचे, द लेपे यांच्या दारीं मात्र गरीबही येत. दोघांचें काम मोठें खरें, पण आमचा आदर दुसऱ्याकडे अधिक झुकतो.

हिंदुस्थानांत या कामाचा आरंभ मुंबईंत झाला, आणि तोही एका कॅथॉलिक बिशपांच्या हस्तें, ही गोष्ट आपल्या लोकांसही फारशी ठाऊक नसते. बिशप लिओ म्यूरिन हे मूळचे बर्लिनचे, येशूसंघीय. १८६७ पासून ते मुंबईचे प्रेषितीय प्रतिनिधी होते. त्यांच्या पुढाकारानें १८८४-८५ च्या सुमारास मुंबईंत बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली. या देशांतील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. तोंवर पुणें हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला नव्हता. तो १ सप्टेंबर १८८६ रोजीं झाला आणि बिशप बायडर-लिंडन त्याचे पहिले बिशप झाले. म्यूरिन स्वतः पुढें मॉरिशस बेटावर गेले व तेथेंच १८९५ सालीं वारले.

त्या काळीं या शिक्षणांत एक मोठा वाद माजला होता. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं शिक्षकांची परिषद भरली आणि तिनें ठरविलें कीं, बहिऱ्या मुलांस ओठ पाहून समजून घेण्यास व तोंडानें बोलण्यासच शिकवावें. हातांच्या खुणा बंद कराव्या. हें वारें आपल्याकडेही आलें व दीर्घकाळ टिकलें. मुलें वर्गांत हात मांडीखालीं दाबून बसत आणि सुटी होतांच अंगणांत हातांनींच मनमोकळें बोलत. आमच्या मतें मिलानच्या विद्वानांनीं मुलांचें ऐकण्याऐवजीं स्वतःचेंच ऐकलें. त्या निर्णयाबद्दल २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें जाहीर खेद प्रकट केला. भारतीय खुणांच्या भाषेसाठीं सरकारी संशोधन-संस्था दिल्लीस २०१५ सालीं निघाली. मधलीं १३० वर्षें कोणाच्या पदरीं घालावीं?

पॅरिसच्या त्याच बधिर-विद्यालयांत इतार नांवाचे डॉक्टर होते. रानांत सांपडलेल्या एका मुलास बोलतें करण्याचा त्यांनीं फार प्रयत्न केला. तो पुरता साधला नाहीं, पण त्यांतून त्यांच्या शिष्यानें, म्हणजे सेगें यानें, मंद मुलांसाठीं एक पद्धत रचली. तिचा अभ्यास रोम येथें डॉ. मारिया माँटेसरी या कॅथॉलिक बाईंनीं केला व १९०७ सालीं बालगृह उघडलें. त्यांची नांवें शिकविण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. मुलाच्या बोटाखालीं दोन पाट्या ठेवावयाच्या : ‘ही गुळगुळीत, ही खरखरीत.’ मग म्हणावयाचें : ‘खरखरीत मला दे.’ तें चुकलें तर रागवावयाचें नाहीं, धडा दुसऱ्या दिवसावर टाकावयाचा. शेवटीं विचारावयाचें : ‘ही कशी आहे?’ म्हणजे मूल आधीं ऐकतें, मग ओळखतें आणि सर्वांच्या शेवटीं बोलतें. आपण मात्र पाहुणे आले कीं शेवटच्या पायरीपासूनच आरंभ करतों : ‘बोल ना रे, काकांना नांव सांग!’

माँटेसरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि युद्धामुळें येथेंच अडकून पडल्या. १९४८ सालीं पुण्यासही त्यांचा शिक्षकवर्ग झाला. तत्पूर्वीं पंडिता रमाबाईंनीं फिलाडेल्फियास फ्रेबेलच्या बालोद्यानाचें शिक्षण घेऊन आपलें शारदा सदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आणलें होतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीं काम मांडलें. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या पुणें जिल्ह्यांतील मोरगांवच्या. शाळेंत मुलें येत नाहींत म्हणून या बायांनीं शाळाच पाड्याच्या अंगणांत व गुरांच्या कुरणांत नेली, आणि मुलांस पुस्तकी मराठी शिकविण्याआधीं त्यांचे वारली शब्द आपण शिकून घेतले. हें फार मोलाचें आहे. गुरूनें आधीं शिष्याची भाषा शिकावी, हेंच स्टीफन्स यांनीं केलें होतें. आणि आपल्या ‘निरोप्या’ मासिकाचे १९०३ मधील संस्थापक, पुढें पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग, या जर्मन धर्मगुरूंनींही तेंच केलें.

आतां पुण्यांतीलच एका विद्वानाची गोष्ट. डॉ. अशोक केळकर (१९२९-२०१४) हे डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्राचे अध्यापक होते. १९६४ सालीं त्यांनीं मराठी आयांच्या बोबड्या बोलांवर एक शास्त्रीय निबंध लिहिला. त्याच वर्षीं अमेरिकन पंडित फर्ग्युसन यांनीं सहा भाषांतील अशा बोलांची तुलना केली, तींत अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंक्तीस मराठी बसली. भूभू, काऊ, चिऊ, मम्मं, जोजो, बाऊ, भूर! ज्या शब्दांस कोशांतही धड जागा नव्हती, ते विद्वानांच्या सभेंत गेले. यांत थट्टेचें कांहीं नाहीं. शब्द आखूड करणें, अक्षर दोनदां उच्चारणें, कठीण वर्ण टाळणें, स्वर उंच व लांब करणें, हें जगांत पुष्कळ ठिकाणीं आया न शिकतां करतात. आणि तान्हें मूल मोठ्यांच्या आपसांतील बोलण्यापेक्षां अशा बोलण्याकडे अधिक लक्ष देतें, हें पुढील संशोधनानें दाखविलें आहे. आजी ‘काऊ आला’ म्हणून थांबते, मूल ‘का’ म्हणतें, आजी ‘हो रे, काऊच तो, काळा काऊ!’ म्हणून तोच शब्द वाढवून परत देते. वाचाशास्त्राचे पदवीधर आज पालकांस जें शिकवितात, त्याचा बराचसा भाग इतकाच आहे. हें शास्त्र आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयांत शिकवूं लागले.

असें असतां आज आपल्या पॅरिशमधील पुष्कळ घरांत आजी गप्प बसूं लागली आहे. मूल इंग्रजी शाळेंत जावयाचें, म्हणून घरींही इंग्रजीच बोला, मराठीनें त्याचा गोंधळ होईल, असा उपदेश आईबापांस कोठें ना कोठें मिळतो. मग बिचारी आई जी भाषा तिला स्वतःला नीट येत नाहीं, तींत चार तुटक आज्ञा देते : ‘सिट’, ‘कम’, ‘ईट’. काऊची गोष्ट इंग्रजींत तिला येत नाहीं, म्हणून ती सांगितलीच जात नाहीं, आणि ती जागा मोबाइल भरून काढतो. दोन भाषा ऐकल्यानें मुलाची वाचा खुंटत नाहीं, हें आतां तज्ज्ञांनीं पुरतें सिद्ध केलें आहे. ज्या मुलास खरोखर दोष आहे, त्याला तो दोन्ही भाषांत आढळतो, आणि एक भाषा काढून घेतल्यानें तो जात नाहीं; जाते ती आजी. इंग्रजीस आमचा विरोध नाहीं, ती पोटाची भाषा झाली आहे. पण शाळेंत ती मिळणारच आहे.

एक गोष्ट मात्र वेळेवर करावयास हवी. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांच्या सुमारास ‘आई ये’ असे दोन शब्दांचे जोड, हा सर्वसाधारण क्रम होय. त्यांत फार अंतर पडलें, हांक मारून मूल वळेना, किंवा आलेले शब्दच जाऊं लागले, तर ‘याचे वडीलही उशिरां बोलले’ म्हणून थांबूं नये. कान तपासण्यास मूल मोठें व्हावें लागत नाहीं. नवजात बालकाची तपासणी पहिल्या महिन्यांत, दोषाचा निर्णय तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारास आरंभ सहाव्या महिन्याच्या आंत, असें प्रमाण तज्ज्ञांनीं घालून दिलें आहे. यासाठीं श्रीमंत असण्याचीही गरज नाहीं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत सुरू झाला, त्यांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि अंगणवाडींतील बालकांची तपासणी त्याखालीं होते. त्याचें उद्घाटन पालघर येथें झालें. कोसबाडची टेकडी त्याच मुलखांत आहे.