एक ते तीन

सोमवार, १६ मार्च २००९. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं मॉन्ट ट्रेम्बलां. नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग शिकताना ४५ वर्षांची अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडते. डोक्यावर हेल्मेट नाही. जखम दिसत नाही. ती हसते, थट्टा करते.

दुपारी १२:४३. रुग्णवाहिकेसाठी पहिला फोन.

१:००. रुग्णवाहिका हजर.

१:१०. गरज नाही म्हटल्यावर ती रिकामी परतते. नंतर या दहा मिनिटांवर पुष्कळ बोट ठेवलं गेलं. पण चालत्या-बोलत्या मोठ्या माणसाला कुणी बळेच उचलून नेत नाही.

१:१० ते ३:००. नताशा हॉटेलच्या खोलीत. याला डॉक्टर ‘ल्युसिड इंटरव्हल’ म्हणतात. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली की रक्त कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचू लागतं. कवटी ताणली जात नाही. म्हणून मेंदू दबतो. तोवर माणूस ठीक दिसू शकतो. ‘उलटी नाही, बेशुद्धी नाही, मग कशाला घाबरता’ हे आपल्याकडचं घरगुती निदान नेमकं याच तासांत केलं जातं.

३:००. दुसरा फोन. डोकं दुखतंय.

३:०९. दुसरी रुग्णवाहिका. खोलीतच उपचार सुरू, मग सांत-अगातच्या रुग्णालयाकडे. तिथे पोहोचेपर्यंत पहिल्या फोनला साडेतीन तासांहून जास्त झालेत.

संध्याकाळ. मॉन्ट्रियलच्या मोठ्या रुग्णालयाकडे, रस्त्यानेच. क्युबेकमध्ये तेव्हा रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सेवा नव्हती. मॉन्ट्रियलला दाखल होते तेव्हा पडण्याला सुमारे सात तास झालेले.

१७ मार्च. विमानाने न्यूयॉर्क.

१८ मार्च. मृत्यू. शवविच्छेदनात कारण निघालं: एपिड्युरल हेमॅटोमा, म्हणजे कवटी आणि आवरण यांच्यामध्ये साचलेलं तेच रक्त.

त्याच आठवड्यात अमेरिकेत सात वर्षांच्या एका मुलीला खेळताना बेसबॉल डोक्याला लागला होता. टेंगूळ आलं, बर्फ लावला, उतरलं. मुलगी खेळती-हसती. दोन दिवसांनी झोपायच्या वेळी ती डोकं धरून रडू लागली. आई-बाबांनी रिचर्डसनची बातमी ऐकली होती. त्यांनी तिला तसंच उचलून रुग्णालयात नेलं. सीटी स्कॅनमध्ये तेच निघालं. हेलिकॉप्टर मिळालं, शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली.

ऑक्टोबर २००९. ‘द लॅन्सेट’मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २५ तातडी विभागांचा अभ्यास छापून आला. डोक्याला मार लागलेली ४२,४१२ मुलं. मेंदूला गंभीर इजा ३७६ जणांना, मेंदूची शस्त्रक्रिया ६० जणांवर. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना तसं काही नव्हतं. सगळ्यांना स्कॅनमध्ये घालणं म्हणजे फुकटचं रेडिएशन. मग कुणाला घालायचं? दोन वर्षांवरच्यांसाठी: भान बिघडणं, बेशुद्धी, उलटी, तीव्र डोकेदुखी, कवटीच्या तळाशी हाड मोडल्याच्या खुणा, दीड मीटरहून उंचावरून पडणं. दोनच्या आतल्यांसाठी उंची ०.९ मीटर, आणि टेंगूळ कपाळावर आहे की इतरत्र, हेही पाहायचं. यातल्या कमी गंभीर खुणा असलेली बरीच मुलं काही तास नुसती नजरेखाली ठेवली तरी चालतात. मात्र ती रुग्णालयात, हॉटेलच्या खोलीत नव्हे.

लहानग्यांच्या यादीत आणखी एक नोंद आहे: मूल नेहमीसारखं वागत नाही, असं आई-बाबा म्हणतात.